परंपरेच्या अभ्यासकाचे आसन कोठे आहे?

गेल्या दिवाळीत आमच्या परिचयातील एका जुन्या बेळगावकर घराण्याचा मुलगा अमेरिकेतून सुटीवर आला होता. तेथील एका विद्यापीठात तो अर्थशास्त्र शिकवितो. फराळाच्या वेळी तिकडच्या विद्यापीठांचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "काका, तिकडे परंपरावादी मताचा अध्यापक शोधूनही सापडत नाही, अशी एका बाजूची तक्रार, आणि जे स्वतःला परंपरावादी म्हणवितात त्यांच्याच सरकारने विद्यापीठांचा पैसा अडविला, अशी दुसऱ्या बाजूची. अभ्यास बिचारा मध्ये सापडला आहे." एवढे बोलून त्याने सहज विचारले, "आपल्याकडे काय परिस्थिती आहे?" आम्हांला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे उशिरा सुचलेले ते उत्तर होय, आणि ते गोड नाही हे आरंभीच सांगितलेले बरे.

प्रथम शब्दाची अडचण सांगू. इंग्रजीत 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हा शब्द मित्रही वापरतो आणि विरोधकही. मराठीत त्याला तोलाचा शब्द नाही. 'पुराणमतवादी' म्हटले की निम्मी शिवी झाली, 'सनातनी' म्हटले की उरलेली निम्मी झाली, आणि 'प्रतिगामी' म्हटल्यावर तर पुढे बोलण्याचे कारणच राहत नाही. ज्या भाषेत एखाद्या विचाराला आदराचे नावसुद्धा नाही, त्या भाषेच्या विद्याव्यवहारात त्याला आसन कोठून मिळणार? आम्ही येथे 'परंपरानिष्ठ विद्वत्ता' असा शब्द योजतो. पूर्वजांनी लिहून ठेवलेले जपावे, ते मूळ भाषेत व मूळ लिपीत वाचावे, त्याचा अर्थ त्याच्या काळात उभे राहून लावावा आणि पुरेशा कारणाशिवाय त्यातील काही टाकू नये, अशा वृत्तीने केलेली विद्या, एवढाच अर्थ आम्हांला अभिप्रेत आहे. कोणत्याही राजकीय पक्षाचा झेंडा आम्हांला येथे रोवावयाचा नाही.

अमेरिकेचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. १९५० साली लायोनेल ट्रिलिंग या नामवंत समीक्षकाने असा अभिप्राय दिला होता की, त्या देशात उदारमतवाद हीच काय ती वैचारिक परंपरा उरली आहे. पुढच्याच वर्षी विल्यम बक्ली या तरुण पदवीधराने आपल्याच येल विद्यापीठावर टीकेचे पुस्तक लिहिले. १९५३ साली रसेल कर्क यांचा 'द कॉन्झर्व्हेटिव्ह माइंड' हा ग्रंथ आला. त्याच वर्षी त्यांनी महाविद्यालयाची नोकरी सोडली आणि मिशिगन राज्यातील मेकोस्टा या खेड्यात बसून उरलेले आयुष्य लेखनात घालविले. १९८७ साली शिकागो विद्यापीठातील ॲलन ब्लूम यांनी विद्यापीठे अभिजात ग्रंथांचे वाचन सोडीत असल्याची तक्रार केली, तेव्हा तो ग्रंथ हातोहात खपला. तेथील प्राध्यापकवर्गात डावीकडे झुकलेल्यांची संख्या परंपरावाद्यांहून कितीतरी अधिक आहे, हे अनेक पाहण्यांतून दिसून आले आहे. विद्यापीठात जागा मिळेना म्हणून परंपरावाद्यांनी बाहेर आपल्या संस्था काढल्या. १९७३ साली स्थापन झालेले हेरिटेज फाउंडेशन हे त्यांपैकी एक. पण अशा संस्थांचे धनी विद्यार्थी नसतात, देणगीदार आणि पक्ष असतात. त्यामुळे तेथील बरीचशी विद्वत्ता हळूहळू सल्लागिरी झाली आणि शेवटी सत्तेबरोबर विद्यापीठाच्या दारात आली. २०२३ साली फ्लोरिडा राज्याच्या गव्हर्नरांनी तेथील न्यू कॉलेजच्या विश्वस्त मंडळात आपली माणसे नेमून त्या संस्थेचे स्वरूपच पालटावयास घेतले. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने हार्वर्डचे दोन अब्ज डॉलरांहून अधिक अनुदान गोठविले आणि सप्टेंबरात तेथील न्यायालयाने ती कृती बेकायदा ठरविली. ज्यांनी दार लावून घेतले त्यांचे चुकले आणि ज्यांनी दार फोडले त्यांचेही चुकले. दोघांच्या भांडणात ग्रंथ वाचणारा मात्र पायरीवरच उभा राहिला.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रातील थोर परंपरानिष्ठ विद्वत्ता विद्यापीठात झाली, असा आपला समज असेल तर तो काढून टाकावा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' २२ खंडांत प्रसिद्ध केली, ती कोणत्या विद्यापीठाच्या आसनावर बसून नव्हे. गावोगावच्या वाड्यांतून कागदांचे रुमाल मागत, कधी नकार घेत. १९१० साली पुण्यात त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, तेही खाजगी. महामहोपाध्याय पां. वा. काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत. १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे त्यांचा धर्मशास्त्राचा इंग्रजी इतिहास पाच खंडांत प्रसिद्ध होत होता; १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. कोणत्याही एका पक्षात न बसणारे डॉ. श्री. व्यं. केतकर यांची गोष्ट याहून विलक्षण. मनुस्मृतीच्या आधारे जातिसंस्थेचा अभ्यास करून त्यांनी डॉक्टरेट मिळविली ती अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात. मायदेशी परतल्यावर ज्ञानकोशाचे २३ खंड त्यांना काढावे लागले ते मर्यादित कंपनी स्थापून आणि गावोगाव फिरून तिचे भाग विकून. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे शं. बा. जोशी धारवाडात शाळेत शिकवीत. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांच्या मुळांचा शोध त्यांनी शाळामास्तरकी सांभाळून घेतला. १९७० साली त्यांच्या कन्नड ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर २०२५ साली निधन पावलेले गजानन मेहेंदळे यांचे घ्या. मोडी वाचणारे, फार्सी शिकलेले, शिवचरित्राच्या एकेका वाक्यामागे कागद उभा करणारे हे गृहस्थ आयुष्यभर विद्यापीठाच्या नव्हे, मंडळाच्या छपराखाली बसले.

कोणी म्हणेल, बाहेर राहूनही कामे झालीच ना, मग तक्रार कसली? तक्रार अशी की, बाहेर राहिलेल्याला शिष्य मिळत नाही. ग्रंथ राहतो, पण तो कसा रचला ती रीत त्या माणसाबरोबर जाते. आज काण्यांचे खंड ग्रंथालयांत आहेत. ते वाचून त्यांच्याशी वाद घालू शकेल असा विद्यार्थी तयार करण्याची सोय मात्र क्वचितच आढळते. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात चिपळूणकरांचे नाव ऐकू येते, पण ते 'सुधारणेचे विरोधक' या एका ओळीपुरते. ज्यांची निबंधमाला १८७४ पासून सात वर्षे चालली आणि जिने मराठी गद्याला ताठ कणा दिला, त्यांच्याशी मतभेद व्यक्त करण्यापूर्वी त्यांचे निदान चार निबंध वाचावेत, एवढीही अट कोणी घालीत नाही. महात्मा फुले वाचलेच पाहिजेत, यात आम्हांला तिळमात्र शंका नाही. परंतु फुले ज्यांच्याशी झगडत होते त्यांचे म्हणणे न वाचता फुले तरी किती कळतात? अर्धी फिर्याद वाचून निकाल देणारा अधिकारी आमच्या खात्यात असता, तर त्याची बदली कोठे झाली असती ते आम्ही सांगत नाही.

परंपरानिष्ठ विद्वत्ता म्हणजे जुन्याची भाटगिरी, असा जो समज आहे तो किती खोटा आहे हे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीइतके दुसरे कशानेच कळत नाही. १९१९ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे झाले. काश्मीरपासून केरळापर्यंतच्या १,२५९ हस्तलिखितांचा त्यासाठी उपयोग झाला. त्यातील सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताकडे, म्हणजे येल विद्यापीठातील संस्कृतच्या प्राध्यापकाकडे होते. द्रौपदी-वस्त्रहरणाच्या प्रसंगी ती कृष्णाचा धावा करते, हे आपण कीर्तनांतून, नाटकांतून, आजीच्या मांडीवर बसून ऐकलेले. हस्तलिखितांचा पुरावा पाहता हा धावा मूळ पाठात टिकत नाही, असा निर्णय एजर्टन यांनी दिला आणि तो भाग संहितेतून निघून तळटिपेत व परिशिष्टात गेला. गणपती व्यासांचा लेखक झाल्याच्या कथेचेही आदिपर्वात तसेच झाले. विचार करा, गणपतीचे नाव घेऊन लेखणी उचलणाऱ्या पंडितांनी गणपतीची कथा परिशिष्टात टाकली! त्यांची श्रद्धा उणी होती म्हणून त्यांनी असे केले नाही. पोथीत जे आहे ते आणि तेवढेच सांगावयाचे, ही त्यांच्या विद्येची शपथ होती. आणि त्यांनी काढलेला मजकूर जाळला नाही. तळाशी, बारीक टायपात का होईना, जपून ठेवला. जपणे आणि खरे बोलणे या दोन्ही गोष्टी एकाच पानावर कशा राहतात, ते या आवृत्तीत पाहावे.

अशीच एक शपथ आम्ही फार लहान प्रमाणावर प्रत्यक्ष पाहिली आहे. आमच्या नोकरीच्या आरंभीच्या काळात एका इनाम जमिनीचा वाद आमच्या टेबलावर होता. पुराव्यादाखल आलेले कागद मुंबई इलाख्याच्या काळातले, मोडीत लिहिलेले. आम्ही पदवीधर, कन्नडमध्ये टिपणी लिहीत होतो, इंग्रजीत पत्रव्यवहार करीत होतो, घरी मराठी बोलत होतो, पण त्या कागदातील एक अक्षर आम्हांला लागेना. अखेर एका पक्षाने आपल्या गावातील एका वृद्ध गृहस्थांना आणले. घराण्यात पिढ्यान् पिढ्या लेखणी चाललेली. अत्यंत कर्मठ. आम्ही शेतकरी घराण्यातले. आमच्या कचेरीतील पाणी ते पीत नसत. त्यामागचे कारण आम्हांला ठाऊक होते आणि ते बोचतही होते. त्यांनी चष्मा पुसला आणि कागद वाचावयास घेतला. एका ओळीत एक शब्द असा होता की, तो एका तऱ्हेने वाचला तर त्यांना घेऊन आलेल्या पक्षाची बाजू बळकट व्हावी. पक्षाच्या लोकांनी तसे सुचवूनही पाहिले. वृद्ध गृहस्थ म्हणाले, "अक्षर असे आहे. तुम्हांला ते कसे असावेसे वाटते, हा प्रश्न निराळा." त्यांनी विरुद्ध वाचन लिहून दिले, खाली सही केली आणि पाणी न पिता निघून गेले.

त्या माणसाची सोवळ्या-ओवळ्याची मते आम्हांला त्या दिवशी पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण त्यांच्या सहीवर आम्ही निःशंक मनाने शेरा मारला. पुढे काही वर्षांनी ते वारले, आणि त्यांच्या घरातील दोन पेट्या भरून असलेले रुमाल रद्दीत गेल्याचे आमच्या कानी आले. त्या कागदांत काय होते, हे आता कोणालाच कळणार नाही.

येथे प्रामाणिक वाचक एक आक्षेप घेईल आणि तो घेतलाच पाहिजे. तो म्हणेल : ज्या विद्येने बहुजनांसाठी दार लावून घेतले, तिच्यासाठी शेतकऱ्याच्या मुलाने गळा का काढावा? आक्षेप खरा आहे. कोल्हापुरातील वेदोक्ताचे प्रकरण आपल्या वाडवडिलांनी पाहिले होते. छत्रपतींनाही पुराणोक्ताचा अधिकार सांगणाऱ्यांची परंपरानिष्ठा ही विद्या नव्हती, मक्तेदारी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून त्यांना फार्सी घ्यावी लागली. या एका अन्यायाची भरपाई कोणत्याही भाषणाने होणारी नाही. पण पुढे काय झाले तेही पाहू. शाहू महाराजांनी परंपरा फेकून दिली नाही; तीत आपले आसन निर्माण केले. त्यांनी वैदिक विद्यालय काढले आणि १९२० साली क्षात्रजगद्गुरूंचे पीठ स्थापून त्यावर बसविले कोणाला, तर आपल्या निपाणीजवळच्या बेनाडीच्या सदाशिवराव पाटलांना. बाबासाहेबांनी जे नाकारले गेले ते स्वतःच्या कष्टाने मिळविले, धर्मशास्त्राचे ग्रंथ चाळून काढले आणि त्यांतूनच आपला खटला उभा केला. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात प्राचीन काळच्या गोमांसभक्षणाचा मुद्दा मांडताना ते आधार कोणाचा देतात? काण्यांच्या 'धर्मशास्त्रविचार' या मराठी पुस्तकाचा. आपल्याला अप्रिय असे वैदिक वचन काण्यांनी दडविले असते, तर बाबासाहेबांच्या हाती ते इतक्या सहज लागले नसते. परंपरेवर सर्वांत कठोर प्रहार करणाऱ्यालाही परंपरेचा सच्चा अभ्यासक लागतो, याहून मोठा दाखला आम्ही कोणता द्यावा? लावलेले दार उघडावयाचे असते. घर पाडले तर आत जाणाऱ्याला मिळणार काय?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण पहिल्या बाजूने उपेक्षा केली असेल, तर या बाजूने प्रेमाने गळा दाबला आहे. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. निमित्त होते जेम्स लेन या अमेरिकेतील प्राध्यापकाच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचे. त्या पुस्तकातील आक्षेपार्ह मजकुराबद्दल इतिहासाच्या काही नामवंत अभ्यासकांनी त्याआधीच प्रकाशकाला पत्र लिहून निषेध नोंदविला होता, आणि प्रकाशकाने पुस्तक भारतातून मागेही घेतले होते. अभ्यासकाचे हत्यार पत्र असते. जमावाने दुसरे हत्यार उचलले आणि पोथ्यांची कपाटे फोडली. ज्या महाराजांच्या नावाने हे झाले, त्यांच्या चरित्राची साधने जपणाऱ्या विद्येच्याच घरात हे झाले. मेहेंदळ्यांनी निषेधादाखल आपल्या शिवचरित्राच्या हस्तलिखिताची पाने फाडली, ती बातमी वाचून आम्हांला झोप लागली नव्हती. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडात, म्हणजे आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर, डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची राहत्या घरी हत्या झाली. हम्पीच्या कन्नड विद्यापीठाचे हे माजी कुलगुरू. वचनवाङ्मय आणि शिलालेख यांत त्यांचे आयुष्य गेले. त्यांचे सर्व निष्कर्ष कोणाला पटोत वा न पटोत; परंपरेचे मूळ कागद त्यांच्याइतके किती जणांनी वाचले होते?

जमावाचा उपद्रव दिसतो तरी. स्तुतीचा उपद्रव दिसत नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा हवाला अशा वेळी दिला जातो, ते विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचे नाही आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत, हे बेंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिले होते. खरा परंपरानिष्ठ पंडित त्या सभेत असता तर सर्वांत आधी तोच उठून उभा राहिला असता आणि ही भाषा ऋषींची नव्हे, असे त्याने सांगितले असते. ज्याला पोथी वाचता येते त्याला पोथीच्या नावाने थापा मारलेल्या खपत नाहीत. म्हणूनच थापा मारणाऱ्यांनाही तो नको असतो.

या सगळ्याचा आपल्या सीमाभागाशी संबंध काय? तर पाहा. निपाणीतून कोल्हापूरच्या वाटेला लागले की हद्द ओलांडताच अर्जुननगर लागते. तेथील महाविद्यालय महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत. आणि त्यात आपली निपाणीची मुले पिढ्यान् पिढ्या शिकत आली. महाराष्ट्राने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वीकारले असल्याने तेथे 'भारतीय ज्ञानप्रणाली' हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आला. अलीकडे कर्नाटकात ते धोरण २०२१ मध्ये आले, सरकार बदलल्यावर गेले, आणि २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. राज्याचे स्वतंत्र शैक्षणिक धोरण ठरविण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद डॉ. सुखदेव थोरात यांच्याकडे होते. त्यांचा अहवाल २०२५ मध्ये सादर झाला. म्हणजे एकाच गावच्या दोन मुलांपैकी एकाला पूर्वजांची विद्या सक्तीने शिकावयाची आणि दुसऱ्याला तिचे नावही घ्यावयाचे नाही. आणि हे ठरते कशावरून, तर कोणत्या राजधानीत कोणत्या पक्षाचे सरकार आहे यावरून! आम्ही कोणत्याही एका महाविद्यालयाला बोल लावीत नाही. शिक्षक बिचारे वरून आलेले परिपत्रक पाळतात. आमचा प्रश्न धोरण ठरविणाऱ्यांना आहे. दोन श्रेयांकांच्या पुस्तिकेने काणे तयार होत नाहीत. आधी मोडी, जुनी मराठी, संस्कृत, हळेगन्नड, फार्सी यांपैकी निदान एक गोष्ट मुळातून शिकविणारा माणूस वर्गात उभा करावा लागतो. तो उभा न करता विषय सक्तीचा केला, तर भाट तयार होतात. विषयच काढून टाकला, तर अनभिज्ञ तयार होतात. पुढे दोघे एकमेकांवर ओरडतात आणि त्या आरड्याओरड्याला आपण वैचारिक वाद म्हणतो.

आणि आपण स्वतः? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा बेळगावात आणि निपाणीत आपण पेढे वाटले. वाटले ते योग्यच. कन्नडला तो दर्जा २००८ सालीच मिळाला होता, त्यामुळे आपला आनंद अंमळ अधिक होता, हेही लपवावयास नको. पण अभिजात म्हणजे काय, तर जिच्याजवळ जुने आणि मोलाचे लेखन आहे अशी भाषा. ते जुने लेखन आपल्यापैकी किती जणांना वाचता येते? शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी आपण गल्लोगल्ली वर्गणी काढतो, रात्र रात्र जागतो. महाराजांच्या काळचा एक कागद समोर ठेवला तर तो उलटा की सुलटा हेसुद्धा आपल्याला कळत नाही. १९५६ पासून आपण या भूमीवर आपला हक्क सांगत आलो. तो सांगावा. महसूल खात्यात आयुष्य काढलेला माणूस म्हणून एवढेच म्हणतो की, हक्क सांगणाऱ्याला आपले कागद वाचता आले पाहिजेत. नाहीतर समोरचा जे वाचून दाखवील ते मान्य करावे लागते.

आमचे मागणे थोडे आहे. विद्यापीठांकडे आम्ही कोणत्याही मतासाठी राखीव जागा मागत नाही. अमुक पक्षाचे इतके आणि तमुक पक्षाचे तितके अध्यापक, असा हिशेब अमेरिकेत कोणी मांडीत असतील, तो त्यांना लखलाभ असो. आम्ही एका कौशल्यासाठी आसन मागतो. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या विद्यापीठांत लिपी, हस्तलिखिते आणि पाठचिकित्सा शिकविणारे निदान एक कायम पद असावे आणि ते भरताना उमेदवाराचे मत विचारू नये, त्याला एक मोडी कागद आणि एक संस्कृत उतारा वाचावयास द्यावा. अभ्यासक्रमात सुधारकाच्या शेजारी त्याचा प्रतिपक्षी बसावा : फुल्यांच्या शेजारी चिपळूणकर, आगरकरांच्या शेजारी टिळक, बाबासाहेबांच्या शेजारी काणे. विद्यार्थ्याने दोघांनाही वाचून मग कोणाला हवे त्याला सोडावे. आणि हे सरकारी फतव्याने होऊ नये. आज ज्या फतव्याने राजवाडे आत येतील, उद्या तसल्याच फतव्याने ते बाहेर जातील.

सरकारे काय करतील ते करोत. या अंकाचे वाचक बहुतेक जुन्या घराण्यांतले आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी आहे आणि तीत लाल फडक्यात बांधलेला रुमाल आहे. आमच्याही घरी आहे. आजोबांनी तो वडिलांच्या हाती दिला, वडिलांनी आमच्या. आणि शासनाची हजारो कागदपत्रे तपासणाऱ्या आम्ही तो एकदाही उघडून कोणाला दाखविला नाही. त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही कचेरीत बोलाविले, पण आपल्या घरचा कागद वाचून द्या असे कधी म्हटले नाही. मनात कोठेतरी त्या न प्यालेल्या पाण्याचा राग होता, हे आज कबूल करतो. त्या रागापायी आम्ही आमच्याच आजोबांचे म्हणणे ऐकावयाचे राहून गेलो.

येत्या पाडव्यापासून मोडी शिकविण्याचा एक छोटा वर्ग चालवावा, असा प्रस्ताव आम्ही आपल्या मंडळापुढे ठेवीत आहोत. शिकविणारा मिळाला तर पहिला विद्यार्थी म्हणून आमचे नाव लिहावे. साठी उलटल्यावर बाराखडी गिरविण्यात आम्हांला लाज वाटणार नाही. घरचा रुमाल आम्ही त्या वर्गात घेऊन येऊ. त्यात आमच्या घराण्याचा मोठेपणा निघेल की एखादे लाजिरवाणे गहाणखत निघेल, ते ठाऊक नाही. जे निघेल ते तसेच वाचू. आपणही आपापले रुमाल घेऊन यावे, एवढीच विनंती.